किसनरावांचा उन्हाचा बंब

किसनराव कुणाकडेही गेले की पाण्याआधी गच्चीचा जिना विचारायचे. वर जाऊन चपला काढायचे, भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभे राहायचे आणि खूश होऊन खाली यायचे. "लय ऊन हाय तुमच्याकडं," असं कौतुकाने म्हणायचे, जणू घरमालकाने ते कष्टाने साठवलं होतं.

नळजोडणीचं चांगलं चाललेलं काम सोडून ते परभणीत उन्हावर पाणी तापवणारे बंब बसवायला लागले होते. काळा पत्रा, वर काच, शेजारी टाकी. स्टेशनजवळच्या ज्या लॉजवर मी मॅनेजर होतो, तिथे त्यांनी पहिला बंब बसवला. एक डेअरीवाले आणि एक डॉक्टर बघत होते. इथे जमलं तर तेही घेणार, नाही तर किसनरावांचा धंदा सुरू होण्याआधीच बुडणार.

दोन महिने पाणी कढत आलं. पौषात ते कोमट झालं आणि गिऱ्हाइकं सकाळी रिकामी बादली घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहू लागली. मालक तापट. "शनिवारपर्यंत तापलं नाही, तर हे लचांड उतरवून न्या," म्हणाले. किसनराव रोज सकाळी येऊन पाइप तपासत. "पाइपात काई न्हाई. ऊनच कुठंतरी अडायलंय," एवढंच बोलत.

गुरुवारी ते दुपारी आले. मीही वर गेलो. बंबाच्या काचांवर जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर बाजरीच्या खारोड्या वाळत घातलेल्या. लॉजच्याच खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई ऊन चढलं की घालायच्या, संध्याकाळी उचलायच्या. सकाळी येणाऱ्याला त्या दिसणार कुठून?

किसनराव धोतर उचलायला वाकले आणि कुणी येत तर नाही ना, म्हणून मी जिन्याकडे पाहिलं. ते बौद्ध, दिवस नामांतराच्या दंगलींचे, आणि हे मालकांच्या घरातलं खाणं; विटाळावरून काहीही पेटलं असतं. माझा शहाणपणा नेहमी असा भित्राच असतो. मी काही बोलायच्या आत त्यांनी एकही खारोडी न मोडता धोतर खाली फरशीवर पसरलं होतं. तेवढ्यात मालकीणबाई वर आल्या.

"मिस्त्री, तिथं लवकर वाळतेत म्हणून घातल्या."

"वाळतेतच की माय. पर मग पाण्यानं ऊन कुठून घ्यावं?"

बाईंचा चेहरा उतरला. नवऱ्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

शनिवारी पाणी हात पोळेल असं आलं. डेअरीवालेही बघायला आले होते. काय बिघडलं होतं, असं मालकांनी विचारलं. किसनराव म्हणाले, "पाइपात हवा धरली होती. माझीच चूक."

डेअरीवाल्यांचं तोंड लगेच बदललं. मला रागच आला. माणसाने चांगलं असावं, पण स्वतःच्या पोटावर पाय देऊन?

तेवढ्यात मालकीणबाई तळलेल्या खारोड्यांचं ताट घेऊन आल्या. किसनरावांनी उचलून ठेवलेल्याच त्या. "हवा-बिवा काई न्हाई. मीच काचंवर वाळवण घातलं, म्हणून पाणी तापंना," त्या म्हणाल्या. पहिली मूठ त्यांनी किसनरावांच्या हातावर ठेवली आणि मग ताट नवऱ्यापुढे धरलं. मालकांनी बायकोकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने खाल्लं. मला फार बरं वाटलं.

"आमच्याकडं कधी येता?" डेअरीवाल्यांनी खाता खाताच विचारलं.

"येतो की. पर आधी घरच्या बायांला इचारा, वाळवण कुठं घालतेत."

पुढे डेअरीवर, दवाखान्यावर आणि गावातल्या कितीतरी गच्च्यांवर बंब चढले. प्रत्येक ठिकाणी किसनराव आधी खडूने वाळवणाची जागा आखायचे आणि मग उरलेल्या गच्चीत काचा मांडायचे.