डोहाळ्यांचे सुके बोंबील

मला पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा सुक्या बोंबलाचे डोहाळे लागले. सासूबाईंना हे सांगतानाच मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या मला नांदुऱ्याच्या बाजारात घेऊन गेल्या. मुंबईहून रेल्वेने सुकी मासळी आणणाऱ्या बाईच्या पाटीत थोडेच बोंबील होते.

"काऊन वं, समुद्र आटला का?" सासूबाईंनी टोमणा मारला.

"आटन कायले, बाई? एखाद्या साली पाणी बदलते, मासोळीचं खाणं दूर जाते, मंग तेही त्याच्यामागं जाते. अन् कोळी लोक सांगतेत, अंड्यावरची मासोळी लय धरली का पुढची सालं गेली. पण पोटुशीले सोडते कोण?"

"हेही पोटुशीच हाय! हिलेच पाह्यजे बोंबील," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. आजूबाजूचे पुरुष वळून पाहू लागले. मी पदर पोटावर ओढला.

बाई हसली आणि पाटीतले सगळे बोंबील तिने माझ्या ओटीत घातले.

घरी परसातल्या चुलीवर मी ते भाजले. पहिला घास घेताना ती अंड्यावरची मासोळी आठवली आणि मान खाली गेली. तरी मी एकही बोंबील उरवला नाही.