हेल्मेटमधले गजरे

सुमनताईंची माझी ओळख झाली ती एका प्रश्नावरून, आणि तो प्रश्न मला तेव्हा चक्क फालतू वाटला होता. अमरावतीच्या आमच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्यांचा जो वॉर्ड आहे, त्याच्या त्या प्रमुख परिचारिका. मी नुकताच रुजू झालेला मेंदूचा सर्जन. दर्यापूर, अकोला, तिवसा, सगळ्या रस्त्यांवरून मोटारसायकलवरून पडलेले येत होते. खाटा संपून गाद्या जमिनीवर आल्या होत्या आणि व्हेंटिलेटर एकच मोकळा होता.

तिवशाकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरातला प्रवीण बेशुद्ध होता. मी तीनदा नाव घेतलं, चिमटा काढला. काही नाही. 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं आणि आता ऑपरेशनचा उपयोग नाही, हे त्याच्या आईला सांगायला निघालो. ताई मध्ये आल्या.

"माय, हेल्मेट कुठी होतं याचं?"

आईने मांडीवरचं हेल्मेट पुढे केलं. मोगऱ्याच्या गजऱ्यांनी भरलेलं. "थैलीत दबतेत नं बाई. म्हून यातच ठेवते अन् हॅन्डलले टांगते तो."

एकही गजरा दबला नव्हता.

"अन् घरी याले काय म्हनता?"

"गुड्डू."

ताई त्याच्या कानाशी वाकल्या. "गुड्डू, ऊठ नं रे बापा! गजरे सुकून राह्यले!"

त्याचा उजवा हात हलला आणि ताईंचा हात चाचपू लागला. मी लिहिलेलं खोडलं आणि त्याला ऑपरेशनला घेतलं. तो वाचला. बोलणं यायला काही महिने गेले, पाय अजून ओढतो.

घरच्या नावाला बेशुद्ध माणूस असा ओ का देतो, याचं कुतूहल मला आजही आहे. पुस्तकं चाळली, थोरांना विचारलं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर, कागदावरचं नाव शाळेसाठी असते. हे मायनं ठेवलेलं."

ऑपरेशनच्या त्या दिवशी मी मान खाली घालून बसलो होतो. ताईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "तुमाले घरी काय म्हनतेत?" मी भोळेपणाने सांगून टाकलं. तेव्हापासून मी चुकलो, की भर वॉर्डात 'बाळू' अशी हाक येते. मागे वळून पाहायची गरज नसते, चूक झालेलीच असते.

त्या अजूनही प्रत्येक नातेवाइकाला तेच दोन प्रश्न विचारतात. हेल्मेट कधी कपाटावर प्लास्टिकमध्ये असतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. ताई रागावतात आणि मग त्याच नातेवाइकाला चहा आणून देतात.

परवा ताईंच्या साठीनिमित्त गुड्डू भावाच्या मागे बसून आला. डोक्यावर हेल्मेट होतं आणि गजरे खिशात.

"ताई, दबले थोडेसे."

ताईंनी त्यातला एक चुरगळलेला गजरा केसांत माळला. रडल्या. मीही रडलो.

ताई, शंभर वर्षं जगा, धडधाकट जगा. आणि असे दबलेले गजरेच तुमच्या वाट्याला येवोत.