कोयत्याच्या चोचीचं पाखरू

माझी थोरली बहीण, आक्का, आमच्या बेटाच्या पूर्वेला सांत्र द फ्लाक गावी राहते. तिला मी सांगितलं होतं, उत्तरेला तेर रूज गावी लग्नाला जाताना पुलावरून एक पाखरू दिसलं, चोच अगदी कोयत्यासारखी वाकडी. ती जन्मभर ऊस तोडलेली. म्हणाली, "तोंडावर कोयता बांधून कोण फिरतं गं? लहानपणापासून फेकतेस." सगळ्या भाच्यांसमोर म्हणाली. मग ठरवलंच, फोटो आणायचा.

नात सविता मास्तरीण, तिचा कॅमेरा. शनिवारी आमच्या व्हाकोआहून तेर रूजला निघालो. पोर लुईला उतरून उत्तरेकडच्या बसचं स्थानक गाठायला चालावं लागतं, पण वाटेत दालपुरी मिळते, गरम, जोडीनं. बांधून घ्याच, पुढं काही मिळत नाही. आणि दिवाळीनंतर जा, तेव्हा पाखरं बर्फाच्या मुलखातून आलेली असतात. चप्पल जुनी घाला.

नदी समुद्राला मिळते तिथं ओहोटीला नुसता चिखल, आणि चिखलभर पाखरं, टिपत, पळत, भांडत. माझं तर मनच भरून आलं. इतक्या लांबून आलेले पाहुणे, उपाशी कसे ठेवायचे? घरून भिजवलेले हरभरे आणले होते, ते मूठभर फेकले. सगळा थवा भुर्रकन उठला नि पार पलीकडं जाऊन बसला.

सविता म्हणाली, आजी, त्यांना चिखलातले किडे लागतात, तुझं हळदीकुंकू नाही. रोल संपत आला होता, फोटोत नुसत्या शेपट्या. आता आक्कापुढं काय तोंड दाखवू? खडकावर बसले, दालपुरी काढली. एक मैना हरभरे खायला आली. तिचं काय, ती घरचीच.

तोवर भरती चढू लागली. पाणी येईल तसा चिखल कमी होत गेला आणि पाखरं आपणहून आमच्याकडं सरकली. अन् तो वाकड्या चोचीचा, इथं कोर्बीजो म्हणतात त्याला, थेट माझ्यापुढं.

सविता घाईत आली की मराठी विसरते. "पा बुझे, आजी," पुटपुटली, म्हणजे हलू नकोस. घास तोंडात, चावायचीही चोरी. त्यानं खेकडा उचलला. कॅमेरा वाजला, रोल संपला.

फोटो धुऊन आला त्यात चोच लख्ख, आणि कोपऱ्यात माझा फुगलेला गाल. तसाच फ्लाकला नेला. आक्कानं चष्मा लावला. दारामागचा कोयता काढून फोटोशेजारी धरला, जरा तिरपा केला.

"याला धार कोण लावतं गं?"

फोटो तिनं ठेवूनच घेतला. आता व्हाकोआला घरी बसून लिहिते, तर दाखवायला जवळ काही नाही. राहिलं ते एवढंच, बस सुटताना ती खिडकीशी आली नि विचारलं, "तिकडं जाताना चप्पल जुनीच घालायची ना?"