साहेबांच्या दारातले वाल

आमच्या शेतातून कंपनीचे ट्रक न्यायचे, असं तालुक्याच्या पुढाऱ्याने परस्पर ठरवलं आणि एका सकाळी त्याची माणसं बांध फोडून गेली. फौजदाराने तक्रार घेतली नाही. तलाठी तर आईला बघून वाट बदलायचा. त्यांच्या बदल्या पुढाऱ्याच्या शब्दावर व्हायच्या, मग बोलणार कोण? उरलं रोह्याचं कोर्ट. तिथे आम्ही दावा लावला. मी तेव्हा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. तारीख असली की खाडा करून एसटी पकडायची.

वर्ष गेलं तसा आईचा धीर सुटू लागला. अर्धं शेत सोडा, असा तडजोडीचा कागद पुढाऱ्याने धाडला होता. ती तो घडी घालून जवळ बाळगायची. "जज पन सरकारचाच पगार खातो," ती म्हणायची. "त्याला बदलीची भीती नसंल काय गो?"

त्यात तिने घोळ घातला. आमच्याकडे नवे वाल निघाले की पहिली परडी मास्तर, डॉक्टर अशा मानाच्या माणसांकडे जाते. ती परडी आईने मला न सांगता जजसाहेबांच्या दारात, शिपायाला नाव सांगून, नेऊन ठेवली. लाच हा शब्दही तिच्या डोक्यात नव्हता.

पुढच्या तारखेला साहेबांनी दोन्ही वकिलांसमोर, भर कोर्टात ते सांगितलं. शिपायाने परडी आईच्या हातात दिली. "पुन्हा असं करू नका, बाई. पक्षकाराकडून मी काही घेत नाही." पुढाऱ्याची माणसं फिदीफिदी हसली. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टँडवर मी आईवर उखडले. "केलंस ना वाटोळं! आता कर त्या कागदावर अंगठा!"

ती परडी मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "माजे वाल नाय घेतले त्यानं. मग त्या पुढाऱ्याचं पन काय घेनार नाय. कागद फाड."

मी फाडला.

या साहेबाला महिन्यात उचलतो, असं पुढारी बाजारात सांगत सुटला. महिना गेला, दुसराही गेला. जजची बदली हायकोर्टाच्या हातात असते, हे आम्हाला वकिलाकडून तेव्हा कळलं. एवढ्याशा गोष्टीवर आमचं शेत टिकून होतं. म्हणून आजही कोणी म्हणालं, जजसुद्धा आपल्या मर्जीतला हवा, की माझं डोकं फिरतं. मर्जी कोणाची चालणार? आमची तर नक्कीच नाही.

निकालाच्या दिवशी पुढारी पहिल्या बाकावर येऊन बसला. साहेबांनी त्याच्याकडे न बघता वाचून दाखवलं. आईने माझा दंड घट्ट धरला.

"काय म्हनला?"

"त्याला नाही म्हणाले. ट्रक जाणार नाहीत."

"परत सांग."

त्या माणसाला तोंडावर नाही म्हटलेलं तिने जन्मात पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी परत सांगितलं, यावेळी सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं.