बेटेगावातला चंद्राचा दगड

नाशिकहून पालघरची एसटी धरताना बायकोला म्हणालो, चिकू खाऊन येतो. खरं तर मला एक चूक कबूल करायची होती.

बारा वर्षांपूर्वी बेटेगावात माझ्या ओळखीच्या गोविंददादांच्या चिकूच्या वाडीत विहीर खणताना खडक लागला होता. काळ्या दगडात पांढरे तुकडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो; चंद्रावरच्या दगडांचे फोटो नुकतेच पाहिले होते. उल्का आदळून तिथले खडक फुटतात, तुकडे वितळून पुन्हा चिकटतात, काही उडून पृथ्वीवर पडतात, असं मी जमलेल्यांना रंगवून सांगितलं आणि म्हणालो, "हा चंद्राचाच."

बोईसरला रिक्षावाल्याने विचारलं, "बेटेगाव में क्या है, साब?"

"एक पत्थर."

त्याने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं.

विहिरीचा खड्डा तसाच अर्धवट होता. खडक फुटू नये म्हणून दादांनी सुरुंग लावलाच नव्हता. दुसऱ्या कोपऱ्यात खणलेल्या विहिरीचं पाणी मचूळ, खारट निघालं. निम्मे चिकू वाळले होते.

वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. पहिला घास हातातच धरून मी सांगून टाकलं.

"चंद्राचा नाय?" वहिनी.

"इथलाच आहे. जुन्या लाव्हाचा. पांढरे आहेत ते पाण्याने फटींत घडवलेले स्फटिक. चंद्राच्या दगडांत पाणी जवळपास नसतंच."

"बारा वर्सं कोजागिरीला त्याच्यापुढं दूध ठेवलं मी! नातवाला पाजलं असतं तर पैलवान झाला असता."

दादा हसले नाहीत. "तुमाला कवा कळलं?"

"जाणकार मित्राला फोटो दाखवला, गेल्या महिन्यात. पण शंका तेव्हाच होती."

दादांनी हात धुतले आणि सुरुंगवाल्याला फोन लावला. मग मला विचारलं, "पानी लागंल?"

"सांगता येत नाही."

"तवा तर लगेच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खडक फुटला. संध्याकाळपर्यंत मी घमेल्याने दगड उपसले. थांबा म्हणून कोणी म्हटलं नाही. खाली कोरडंच होतं.

तिसऱ्या दिवशी निघालो. वहिनींनी पिशवीत चिकू घातले. दादा खड्ड्यातच खणत होते; वर न बघता म्हणाले, "मास्तर, फोन करीन. लागलं तरी, नाय लागलं तरी."

परतताना तळहातांवर फोड आले होते, बसचा दांडा धरवेना. त्यांनी मला माफ केलं का, ते कळलं नाही. विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असंही मला वाटलं नाही. आता मी वर्गातही फोन बंद करत नाही.