आपाचं सात नंबर एक्स्टेंशन

आधीच सांगतो, भूतबित आपल्याला मान्य नाही. फोन लागला नाही तर वायर बघायची, वायर ठीक असेल तर सेटिंग बघायचं... माझी श्रद्धा एवढीच. आजही फार बदललेलो नाही, फक्त या एका गोष्टीपुढे गप्प बसतो.

अमरावतीला राजापेठेत, एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत आमची हेल्पलाइन होती. शेतकरी आत्महत्यांची ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. गावागावांतून फोन यायचे, जास्त करून बायांचे, ज्यांच्या घरातला माणूस गेला होता अशा. इंटरनेटवर चालणारा फोन सर्व्हर मी बसवलेला, आणि सात नंबरच्या एक्स्टेंशनवर माझी मोठी बहीण बसायची – शमीम आपा. आम्ही अकोल्याचे, दोघं सोबतच अप-डाऊन करायचो.

आपाची एक पद्धत होती. आज ज्या बाईचा फोन आला, तिला उद्या दुपारी आपा स्वतः फोन करणार. आणि पहिला प्रश्न, "जेवली काय वं?" त्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विषय नाही. हेल्पलाइन चालवणाऱ्या मॅडम चिडायच्या, याला काउन्सेलिंग म्हणतात का! आपा नुसती हसायची. बायांशी ती अस्सल वऱ्हाडी बोलायची, घरी आमची आपली हिंदी. बायांना तर तिचं नावही माहीत नव्हतं, सगळ्यांसाठी ती 'ताई'.

मग तिला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता मेंदूत गेला... आणि आपा नाही.

दफन करून आलो आणि तेव्हा लक्षात आलं, तिचा आवाज आपल्याकडे कुठेच नाही. हेल्पलाइनवर रेकॉर्डिंग करायचं नाही हा नियम, आणि सर्व्हरवर तसं सेटिंग केलेलं मीच. फोटो होते. पण फोटो घेऊन काय करू मी? मला तिचा आवाज पाहिजे होता, एकदा तरी. घशाखाली घास उतरेना. अम्मी ताट वाढायची आणि तसंच उचलून न्यायची.

कामावर परतलो तर मॅडमनी सर्व्हरवरचा लॉग, म्हणजे कॉलची नोंद, दाखवला. सात नंबरवरून रोज दुपारी कॉल जात होते! माझं डोकंच सणकलं. कोणीतरी हरामखोर माझ्या मेलेल्या बहिणीचा पासवर्ड वापरून फुकटात फोन करतोय, असंच वाटलं.

प्रत्येक कॉलसोबत हेडर नावाचा मजकूर येतो – पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-गाव असतं तसा. त्यात फोन होता आपाच्या टेबलावरचा आणि पत्ता आमच्याच ऑफिसचा. तो फोन तर मीच काढून कपाटात ठेवला होता. कपाट उघडलं. फोन तिथेच, वायर गुंडाळलेली.

हेडर खोटं लिहिता येतं, म्हणून तेवढ्यानं घाबरलो नाही. पण पासवर्ड? सर्व्हर दर वेळी नवं कोडं घालतो आणि पासवर्ड असेल त्यालाच ते सोडवता येतं. मी पासवर्ड बदलला. डोळे मिटून कीबोर्डवर बोटं आपटली, मलाही आठवणार नाही असा. दुसऱ्या दिवशी दुपारी सात नंबरवरून कॉल लागला – कोड्याचं बरोबर उत्तर देऊन, पहिल्याच झटक्यात.

हेडफोन लावून मी चालू कॉल ऐकायला घेतला. हे नियमात बसत नाही, माहीत आहे. पलीकडे दर्यापूरकडची सुमनबाई होती, आपाची नेहमीची. "हो ताई... भाकर खाल्ली... पोरगी शाळेत जाऊन राहिली..." मध्ये थांबायची, ऐकायची, एकदा हसलीसुद्धा. आणि आमच्या बाजूनं काहीच नाही. एकच बाजू ऐकू येणं ही आमच्या धंद्यातली रोजची तक्रार, म्हणून सगळी सेटिंगं बघितली. सगळं ठीक होतं. तिला आवाज जातोय आणि मलाच नाही! आपा, एकदा बोल ना, असं मी मॅडमच्या देखत त्या मशीनला म्हणालो. कॉल संपला.

लगेच तोच नंबर लावला. काय बोलायचं काही ठरवलं नव्हतं. मी हॅलो म्हणालो, तर बाईच म्हणाली, "तुमी ताईचे भाऊ काय?"

मी हो म्हणालो.

"ताईनं आताच सांगतलं, तुमचा फोन येईन म्हनून. म्हने, त्याले माया आवाज आयकू नाही येऊन राहिला. तूच इचार त्याले."

"काय विचारायचं?"

ती अडखळली. "मले हिंदी नाही येत बा. तिनं दोनदा म्हनून घेतलं मायाकडून... 'छोटे, खाना खाया क्या?'"

मला छोटे फक्त आपा म्हणायची. ताई गेली, हे मी सुमनबाईला सांगितलं नाही. कसं सांगणार?

त्यानंतर सात नंबरवरून कॉल गेला नाही. माझ्याहून शहाण्या लोकांना लॉग दाखवले. कोणी म्हणालं सॉफ्टवेअरची गडबड, कोणी म्हणालं तूच बनवाबनवी करतोस. मला आजही काही सांगता येत नाही. त्या दिवशी अकोल्याला घरी पोचलो आणि अम्मीला म्हणालो, खाना दे. रडत होतो, पण जेवलो.