शर्लीनचे हात काय म्हणाले

लॉकडाउननंतर शाळा उघडल्या त्या हिवाळ्यात, बोरिवलीतल्या कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत, पाहुण्यांसमोर मी एका मुलीच्या म्हणण्याचा खोटा अर्थ सांगितला. मुलीचं नाव शर्लीन. इयत्ता आठवी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तिथे इंग्रजी वाचन शिकवत होते. आधी मी गोष्ट खुणांच्या भाषेत सांगायची, मग मुलांनी ती इंग्रजीत वाचायची. वेळ लागायचा. शर्लीनला मात्र घाई होती — सिनेमात पडद्याखाली इंग्रजी ओळी येतात, त्या तिला वाचायच्या होत्या.

मग टॅबलेट आले. शब्दावर बोट ठेवलं की चित्र. शेवटी प्रश्न आणि चार पर्याय. गुण भराभर वाढले. पण मुलं वाचत होती का? धड्यातला शब्द ज्या पर्यायात दिसेल तो दाबायचा, हे त्यांनी लगेच शोधून काढलं होतं. मला ते दिसत होतं. अहवाल मीच लिहायचे. त्यात ते नव्हतं.

पण सांगायचंय ते हे नाही. हे तर लहान होतं.

टॅबलेट देणाऱ्या संस्थेचे साहेब पाहणीला आले. पालकही होते. शर्लीनची आई मासळीची टोपली जावेवर सोपवून मनोरीहून आली होती. तिला खुणांची भाषा येत नव्हती. साहेबांनाही नाही. त्या खोलीत दोन्हीकडचं कळणारी मी एकटी.

"काय बेटा, मजा येते ना वाचायला?" साहेबांनी विचारलं. मी ते हातांनी सांगितलं. शर्लीन उभी राहिली. तिच्या खुणा स्वच्छ असायच्या — माझा गैरसमज झाला, असं म्हणायला जागा नाही. ती म्हणाली: मी नुसतं जुळवते. गोष्ट कळत नाही. मॅडमनी आधी हातांनी सांगितली, की मला वाचता येतं. त्यांना सांगा.

'त्यांना सांगा' ही खूण तिने दोनदा केली.

मी म्हणाले, "ती म्हणते, टॅबलेटवर वाचायला खूप आवडतं."

बातमीत कुणाचं वाक्य फिरवलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. इथे तपासणार कोण होतं? हा विचार मी तेव्हा केला होता का? हो — बोलायच्या आधीच.

साहेबांनी मुलांच्या पद्धतीने टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात वर करून हलवले. सगळ्या वर्गाने हलवले. शर्लीनचे हात बाकावर होते. ती माझ्या ओठांकडे बघत होती. ओठांवरून मराठी तिला बरीच कळायची.

जाताना आईने विचारलं, "मॅडम, पोर एवढी काय सांगत होती ओ? आमाला घरी तिचं काय कळत नाय."

मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. ती हसली. "बरं झालं बाई."

हातांनी गोष्ट सांगायचा तास पुढच्या महिन्यात बंद झाला. सगळ्या वर्गांना टॅबलेट मिळाले. नववीत शर्लीनने इंग्रजी सोडली. कर्णबधिर मुलांना तशी सवलत असते.

यंदा मार्वेच्या जेट्टीवर ती दिसली, मनोरीच्या बोटीसाठी उभी. मी हातांनी विचारलं, कशी आहेस? तिने माझे हात पाहिले. मग मोबाइल काढला, मराठीत टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"लिहून सांगा."